माझगावातील एक रविवार



या व्यासपीठावरून बोलायला मोठमोठे पंडित येतात. त्यांच्या रांगेत माझ्यासारख्या माणसाला उभे करण्याचे धाडस चालकांनी केले. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की आपणा श्रोत्यांची आगाऊ क्षमा मागावी, याचा निवाडा व्याख्यान संपल्यावर आपणच करा. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची विद्या मी कारखान्याचे फाटक, कामगार न्यायालयाचा व्हरांडा आणि आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय या तीन विद्यापीठांत घेतली. पदवी अजून एकानेही दिलेली नाही.

चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'माझगावातील एक रविवार' असे कळवले. त्यावर त्यांच्यापैकी एकांनी रास्त शंका काढली. ते म्हणाले, "तुम्ही युनियनचे माणूस. आमची अपेक्षा कामगार चळवळीवर काही ऐकायची. हे तर सहलीचे वर्णन झाले." मी त्यांना म्हणालो, "आधी ऐका. दोन्ही एकच निघाले तर मानधन एकाच व्याख्यानाचे द्या."

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आम्ही पाच जण. एक सेवानिवृत्त टर्नर, एक एस.टी.चे कंडक्टर, एक रात्रशाळेचे मास्तर, सिन्नरकडच्या विडी कामगारांच्या पुढारी, ज्यांना आम्ही सारे अक्का म्हणतो, आणि पाचवा मी. आम्हा पाचांची मिळून मुंबईवारी शेकड्यांनी मोजावी लागेल. पण ती मुंबई केवढी? स्टेशनपासून आझाद मैदानाएवढी! सकाळच्या गाडीने जायचे, मोर्चात बसायचे, भाषणे ऐकायची किंवा करायची, शिष्टमंडळ मंत्रालयात गेले की वडापाव खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. गेल्या वर्षी मे महिन्यात अक्काच म्हणाल्या, "अहो, एकदा काही न मागता मुंबईला जाऊन येऊ की!" ही सूचना बिनविरोध मंजूर झाली. आमच्या बैठकीत असे क्वचितच घडते.

जायचे कुठे, यावर मात्र मतभेद झाले. मास्तरांनी तोडगा काढला : ज्या भागात आपल्यापैकी कोणी कधी पाऊल ठेवलेले नाही आणि जो पाहायला सहसा कोणी जात नाही, तिथे जायचे. अशा रीतीने माझगाव ठरले. रविवारी पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडली, मुंबईला उतरून हार्बरच्या लोकलमध्ये बसलो. मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे स्टेशन डॉकयार्ड रोड. ही हार्बरची लाइन साधी नव्हे. मुंबईतली पहिली विजेवर चालणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावरून कुर्ल्यापर्यंत धावली.

माझगाव हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक. आज तिथे बेटपण शोधून सापडत नाही, पण टेकडी मात्र आहे. तिला भंडारवाडा टेकडी म्हणतात आणि ती स्टेशनच्या अगदी डोक्यावर आहे. उन्हाचा तडाखा असा, की टर्नरसाहेब म्हणाले, "भट्टीखात्यात काढलेली वर्षे आज कामाला आली." आम्ही धापा टाकीत वर पोहोचलो. वर सुरेख बाग आहे आणि बागेच्या पोटात शहराला पाणी पुरवणारी जुनी टाकी आहे. याच जागी पूर्वी माझगावचा किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने १६९० मध्ये तो जमीनदोस्त केला. समोर खाली पाहावे तो माझगाव गोदी, तिच्या उंच याऱ्या, बांधणीत असलेल्या जहाजांचे सांगाडे आणि पलीकडे खाडीचे चकाकणारे पाणी. १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेली 'नीलगिरी' ही आपल्या देशात बांधलेली पहिली मोठी फ्रिगेट याच गोदीतून बाहेर पडली. टर्नरसाहेब दहा मिनिटे कठड्याला धरून उभे होते. बोलले काही नाहीत. जन्मभर ज्याने सुटे भाग कातले, त्याला अख्खी वस्तू एकदा डोळे भरून पाहावीशी वाटते, हे आपण समजू शकता.

बागेच्या पाटीवर नाव होते जोसेफ बाप्टिस्टा. आम्ही सारे थबकलो. नाव आम्ही ऐकलेले होते, शिबिरांत सांगितलेलेही होते, पण त्यांचे गाव हे, हे ठाऊक नव्हते. हे गृहस्थ १८६४ मध्ये याच माझगावात, टेकडीलगतच्या माथारपाखाडीत जन्मले. पुण्यात इंजिनियरिंग शिकले, केंब्रिजला गेले, बॅरिस्टर होऊन आले. लोकमान्य टिळकांचे ते स्नेही. १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न घेता बाप्टिस्टांकडे दिले. लोक त्यांना 'काका' म्हणत. पुढे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, लाला लजपतराय अध्यक्ष होते, आणि ते भरवणाऱ्यांच्या पहिल्या फळीत काका बाप्टिस्टा होते. त्या काळी युनियन काढणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. युनियनला मान्यता देणारा कायदाच १९२६ चा. त्याआधी संप पुकारणाऱ्या पुढाऱ्यावर मालक नुकसानभरपाईचा दावा ठोकू शकत असे, आणि मद्रासेत तसा तो ठोकलाही होता. हेच बाप्टिस्टा १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले.

पाटीखालच्या सावलीत एक तरुण बसला होता. पाठीवर खाण्याचे डबे पोचवणाऱ्यांची ती मोठी चौकोनी पेटी. मूळचा सातारा जिल्ह्यातला, मुंबईत चार वर्षे झालेली. मी सवयीने विचारले, "रविवारची सुट्टी नाही का रे?" तो हसला. म्हणाला, "काका, रविवारी तर ऑर्डर जास्त. सुट्टी घ्या, कोण नको म्हणत नाही. पण त्या दिवसाचा पैसा नाही, आणि आठवड्याचा बोनसही जातो." मी विचारले, "मग मुंबई पाहिलीस की नाही?" तो म्हणाला, "पाहिली ना! कोणत्या इमारतीत आम्हाला लिफ्ट वापरू देत नाहीत, ते सगळे पाठ आहे." बाग कोणाच्या नावाची, हे त्याला माहीत नव्हते. तिथे वारा असतो म्हणून तो बसत असे. मी त्याला बाप्टिस्टांची गोष्ट सांगू लागलो. अर्ध्यावर आलो तोच त्याच्या फोनची घंटा वाजली आणि तो पायऱ्या उतरून दिसेनासा झाला. गोष्ट अर्धीच राहिली. तिचा उरलेला भाग मी आज आपल्याला सांगतो आहे असे समजा.

टेकडी उतरून आम्ही माथारपाखाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना एकमजली-दुमजली घरे, लाकडी सज्जे, बाहेरून वर जाणारे जिने आणि मधोमध क्रूस. मोटारीचा आवाज एकाएकी मागे पडतो आणि आपण कोकणातल्या एखाद्या वाडीत आलो की काय, असे वाटते. ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती. नाव इंग्रजी असले तरी ही मंडळी इथलीच आणि घरची बोली मराठी. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, मूळचे इथले, हे दाखवण्यासाठी त्यांनी ते नाव १८८७ मध्ये अधिकृतपणे घेतले.

एका ओट्यावर एक वृद्ध बाई मिरच्या आणि धणे वाळवत होत्या. उन्हाळा म्हणजे त्यांच्याकडे वर्षाचा मसाला करण्याचे दिवस. कुटलेला मसाला दारूच्या रिकाम्या, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचे नावच बॉटल मसाला! अक्का त्यांच्याशेजारी बसकण मारून बसल्या. दोघींची बोली निराळी, पण पाच मिनिटांत अशी गट्टी जमली की विचारू नका. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायका घरोघर फिरत, उखळाभोवती उभ्या राहून कुटत, असे त्या बाईंनी सांगितले. अक्कांचा पहिला प्रश्न, "त्यांना किलोवर पैसे मिळत की दिवसावर?" दुसरा प्रश्न, "मसाल्यात एवढे जिन्नस कशाला?" युनियनचे काम करणाऱ्या माणसाची सुट्टी ही अशी असते.

दुपारी एका इराण्याकडे ब्रून पाव आणि आम्लेट खाल्ले. आंब्यांची गोष्ट मास्तरांनी तिथेच सांगितली. माझगावचा आंबा एके काळी एवढा नावाजलेला, की टॉमस मूर नावाच्या आयरिश कवीने १८१७ साली लिहिलेल्या 'लाला रुख' या काव्यात त्याचा उल्लेख आला आहे. त्या कवीने हिंदुस्थानात पाऊलही ठेवले नव्हते. इथली काही झाडे वर्षातून दोनदा फळत, असे जुन्या लोकांनी नमूद करून ठेवले आहे. आम्ही हॉटेलवाल्याला विचारले, "आता आहे का एखादे झाड?" त्याने गल्ल्यावरून मान न उचलता सांगितले, "क्रॉफर्ड मार्केटला जावा."

उन्हे कलू लागली तेव्हा नवाब टँक रस्त्यावर गेलो. तिथे एका साध्या दुमजली घरात चिनी देऊळ आहे. आपल्या कानांवर विश्वास ठेवा, देऊळच. १९१९ साली बांधलेले. कँटनकडचे खलाशी आणि गोदीत काम करणारे चिनी इथे वस्तीला होते. त्यांनी परमुलखात एकमेकांना धरून राहण्यासाठी जागा केली आणि वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा न्यायाचा आणि शौर्याचा देव बसवला. लाल रंग, उदबत्त्यांचा वास, भविष्य पाहण्याच्या बांबूच्या काड्या. १९६२ च्या युद्धानंतर त्यांतली बरीच कुटुंबे देश सोडून गेली. युद्ध दोन सरकारांचे, पण संशयाची नजर शेजारच्या सुतारावर आणि दाताच्या डॉक्टरवर पडली. कंडक्टर म्हणाले, "खलाशी आला की आधी निवारा शोधतो, मग सोबती, मग देव. आपले गिरणीवाले गावकरी काय निराळे वागले? गावाच्या नावाने खोली घेतली आणि भिंतीवर आपला देव टांगला." एका वाक्यात त्यांनी जे सांगितले, ते मी तीन शिबिरांत सांगू शकलो नाही.

मित्रहो, आता या सहलीतल्या दुसऱ्या पाटीकडे येतो. बाबू गेनू हे नाव इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच्या चाकाखाली गेला. वय अवघे बावीस. माझगावात त्याच्या नावाची मंडई होती आणि मंडईच्या वर महापालिकेच्या बाजार खात्यातले कर्मचारी कुटुंबांसह राहत. २७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे माणसे अजून अंथरुणात असताना ती पाच मजली इमारत कोसळली. ६१ माणसे गेली. शहराच्या मंडया चालवणारी, शहराची झाडलोट आणि हिशेब ठेवणारी माणसे शहराने दिलेल्या छपराखाली गाडली गेली. आम्ही त्या रस्त्यावर थोडा वेळ नुसते उभे राहिलो. हुतात्म्याचे नाव इमारतीला दिले की आपले देणे फिटले, अशी आपली समजूत असते. त्या नावाखाली राहणाऱ्यांची तुळई तपासणे हेही त्या देण्यातच येते.

तिसरी पाटी गोदीच्या अंगाला, पी. डिमेलो मार्गाची. रोज हजारो ट्रक या रस्त्यावरून जातात आणि डिमेलो कोण, हे त्यांतल्या एकालाही विचारण्यात अर्थ नाही. प्लॅसिड डिमेलो हे गोदी कामगारांचे पुढारी. १९५८ मध्ये अकालीच वारले. त्यांचे काम समजायचे तर गोदीतला मजूर पूर्वी कसा राबे, ते ठाऊक पाहिजे. सकाळी फाटकाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवले तर काम, नाही तर घरी परत. जहाज नाही, तर चूल नाही. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या. आग लागली, चार वाजून गेल्यावर लागोपाठ दोन स्फोट झाले. अग्निशामक दलाचे ६६ जवान आणि शेकडो माणसे मृत्यू पावली. १४ एप्रिलला आपण देशभर अग्निशमन दिन पाळतो, तो यामुळे. त्यानंतर चार वर्षांनी, १९४८ मध्ये, गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ मध्ये मुंबईत गोदी कामगार मंडळ आले. नाव नोंदवलेल्या मजुराला पाळीपाळीने काम, आणि काम नसले तरी हजेरीचे काही पैसे. मुकादमाचे बोट गेले आणि नोंदवही आली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले, माल पेट्यांतून जाऊ लागला आणि इकडची गर्दी ओसरली, हा पुढचा इतिहास. पण बोटाच्या जागी नोंदवही आणणे ही केवढी क्रांती होती, हे टेकडीवरच्या त्या सातारच्या मुलाला पाहून मला नव्याने उमगले. त्याच्या फोनच्या घंटेत मला ते मुकादमाचे बोटच दिसले.

शेवटी भाऊच्या धक्क्यावर गेलो. भाऊ अजिंक्य यांच्या नावाने ओळखला जाणारा हा धक्का म्हणजे कोकणी माणसाचा मुंबईतला उंबरठा. रेवसकडची लाँच सुटत होती. अंगावर खारा वारा आला, घाम सुकला, पाचांनी मिळून एक कलिंगड संपवले. सव्वासहाच्या गाडीला वेळेवर पोचलो. खर्च माणशी किती आला, तो हिशेब कंडक्टरांकडे आहे. ते सुटे पैसे अजून मागतात.

आता चालकांच्या शंकेचे उत्तर. ही सहल आणि कामगार चळवळ यांचा संबंध काय?

संबंध रविवारचा आहे. आपणा सर्वांना वाटते की रविवार हा सूर्यचंद्रासारखा आपोआप उगवतो. पण मुंबईच्या गिरण्यांत तो उगवत नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आणि सण आला तरच खाडा. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधु' पत्रातून लिहिले, सभा भरवल्या. मुंबईतल्या गिरणीत त्यांनी स्वतः नोकरी केली होती.  रविवार खंडोबाचा वार, म्हणून तो सुट्टीचा असावा, हा त्यांचा युक्तिवाद किती मराठी आहे पाहा! १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला सरकारी शिक्का मिळाला. पुढे आठवड्याचे तास १९२२ मध्ये साठ झाले, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. साठाचे अठ्ठेचाळीस व्हायला चोवीस वर्षे लागली. वर्षाला अर्धा तास! ज्यांना चळवळ मंद वाटते त्यांनी हा हिशेब खिशात ठेवावा.

हा दिवस मिळवला कशासाठी? नुसते झोपून सोमवारला तयार होण्यासाठी असता, तर तो मालकाचाच दिवस ठरला असता. यंत्रालाही तेल घालायला सुट्टी देतातच. माणसाला तो मिळाला तो अक्कांसारखे ओट्यावर बसून परक्या बाईला मसाला विचारण्यासाठी, टर्नरसाहेबांसारखे अख्खे जहाज डोळे भरून पाहण्यासाठी. जे शहर आपल्या हातांनी उभे राहते, ते आपल्या पायांनी एकदा तरी हिंडून पाहावे, एवढीच माझी कामगार बंधूंना विनंती असते. त्यासाठी मुंबईही लागत नाही. नदीच्या पलीकडची पेठ चालते. पाटी दिसली की वाचावी, नाव कोणाचे ते विचारावे, या घरांत कोण राहतो, काय काम करतो आणि पाणी कुठून भरतो, ते पाहावे. सोबत चार मित्र असावेत, कारण एकट्याला जे दिसत नाही ते चौथ्याला दिसते.

आपण शहरवासी श्रोते. माझी शेवटची मागणी आपल्याकडे आहे. पाहा, काही न मागता गेलेला माणूस परत येऊन मागतोच! त्या मुलाला रविवार नाही, हे ऐकून आपण हळहळलात. आता आपल्या घरी धुणीभांडी करायला ज्या बाई येतात, त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का, ते मनाशी आठवून पाहा. आपल्या राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण सुट्टी शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातूनच मिळायची असते. तिच्यासाठी मोर्चा लागत नाही, कोर्ट लागत नाही. उद्या सकाळी त्या आल्या की एवढेच सांगायचे, "बाई, येत्या रविवारी येऊ नका, आणि पैसे कापायचे नाहीत." लोखंडे यांना जे मिळवायला सहा वर्षे लागली, ते आपण नऊ शब्दांत देऊ शकता.